ठाण्याची पहिली रेल्वे ओढणारी तीन इंजिनं कुठे गेली? आणि त्यांच्याच काळातलं एक इंजिन १६२ वर्षांनी रुळांवर कसं धावलं?

दरवर्षी १६ एप्रिल उजाडला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातली पहिली प्रवासी गाडी धावली. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि गाडी ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. मेसेज इथे संपतो. त्या तीन इंजिनांचं पुढे काय झालं, हे त्यात कधीच नसतं.

उत्तर जरा खट्टू करणारं आहे. तिन्ही गेली. बघायला म्हणूनसुद्धा त्यातलं एकही उरलेलं नाही.

मग त्या काळातलं एखादं तरी इंजिन वाचलं का? आणि वाचलं असेल तर नुसतं म्युझियमच्या दोरीमागे उभं राहण्यापुरतं, की खरंच भट्टी पेटवून, डबा जोडून, आजच्या रुळांवर धावण्याइतकं? असं एक इंजिन आहे. ते ठाण्याचं नाही, बंगालचं आहे. पण ठाण्याच्या इंजिनांपेक्षा ते फक्त दोन वर्षांनी धाकटं आहे आणि त्याची चाकं त्याच मापाच्या रुळांवर बसतात, ज्यावरून आज बदलापूर लोकल जाते.

ठाण्याला काय आलं होतं?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची 'जीआयपी', हिने पहिली इंजिनं इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्यातून मागवली होती. जहाजातून मुंबईला आणून ती इथे जोडली गेली. त्याआधी १८५२ मध्येच लोहमार्गाच्या कामासाठी 'लॉर्ड फॉकलंड' नावाचं इंजिन भायखळ्याच्या परिसरात फिरू लागलं होतं. तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव त्याला दिलेलं होतं. मुंबईकरांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं वाफेचं इंजिन ते हेच.

(जाता जाता : भारतातलं पहिलं वाफेचं रेल्वे इंजिन मात्र मुंबईचं नाही. १८५१ च्या डिसेंबरमध्ये रुडकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या कामात माती वाहायला 'थॉमसन' नावाचं इंजिन वापरलं गेलं. ठाण्याचा मान पहिल्या प्रवासी गाडीचा आहे, आणि तो कुणी हिरावून घेतलेला नाही.)

दुपारी साडेतीनच्या सुमारास निघालेली ती गाडी ३४ किलोमीटर कापून ठाण्याला पोचली. वाटेत शीवला, म्हणजे सायनला, ती थांबली होती. प्रवासी चढवायला नाही, इंजिनांना पाणी पाजायला. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण वाफेच्या इंजिनाचं सगळं आयुष्य कोळशाइतकंच पाण्याभोवती फिरतं. एकूण प्रवास साधारण तास-सव्वा तासाचा झाला. आजची धिमी लोकल मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबूनही जवळपास तासभरच घेते. म्हणजे १७० वर्षांत ठाणेकरांचा किती वेळ वाचला, हे ज्याचं त्याने मोजावं.

पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ कल्याणपर्यंत पोचले. कल्याणहून दोन फाटे फुटले. एक थळ घाट चढून इगतपुरीकडे, दुसरा बोर घाट चढून पुण्याकडे. इथेच त्या पहिल्या इंजिनांचा प्रश्न उभा राहिला. बोरीबंदर ते ठाणे हा सपाटीचा, खाजणातून जाणारा मार्ग होता. घाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ होता. सपाटीसाठी बनवलेली ती हलकी इंजिनं मोठ्या होत जाणाऱ्या मालगाड्यांना पुरणारी नव्हती. जास्त ताकदीची इंजिनं येत गेली आणि जुनी मागे पडली.

आज वाटतं, एक तरी ठेवायचं होतं. पण त्या काळी इंजिन हे यंत्र होतं, वारसा नव्हता. लोखंडाला भाव होता. गिरणीतला जुना माग जसा कुणी जपून ठेवत नाही, तसंच ते. जीआयपीला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. विमान कंपन्या आज त्यांची जुनी विमानं भंगारात काढतात तेव्हा किती जण हळहळतात?

दोन वर्षांनी धाकटी : फेअरी क्वीन

१८५५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात किटसन, थॉम्पसन अँड ह्यूइटसन या कारखान्याने ईस्ट इंडियन रेल्वेसाठी काही इंजिनं बनवली. त्यातलं एक २२ नंबरचं. ते त्याच वर्षी कलकत्त्याला पोचलं. 'फेअरी क्वीन' हे नाव त्याला बऱ्याच उशिरा, १८९५ मध्ये मिळालं.

इंजिन दिसायला छोटंसं आहे. वजन २६ टन. बाजूने पाहिलं तर प्रत्येक बाजूला तीनच चाकं : पुढे एक छोटं, मागे एक छोटं आणि मध्ये तब्बल सहा फूट व्यासाचं एक मोठं. ओढण्याचं सगळं काम त्या मधल्या चाकांच्या एका जोडीवर. हावडा ते राणीगंज मार्गावर त्याने हलक्या टपालगाड्या ओढल्या. १८५७ च्या उठावात सैनिकांच्या गाड्या ओढल्या. नंतर बिहारमध्ये नव्या मार्गांच्या बांधकामावर राबलं. १९०९ मध्ये निवृत्त झालं.

साहिब, सिंध, सुलतान यांना जे नशीब मिळालं नाही ते फेअरी क्वीनला इथे मिळालं. तिला भंगारात न काढता हावडा स्टेशनबाहेर चौथऱ्यावर उभं केलं गेलं. तिथे ती तीस-पस्तीस वर्षं उन्हापावसात उभी होती. १९४३ मध्ये तिला उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत हलवलं. तिथे ती शिकाऊ पोरांना दाखवायची वस्तू झाली. १९७२ मध्ये तिला वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि पुढे ती दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आली.

बहुतेक जुन्या इंजिनांची गोष्ट इथे संपते. फेअरी क्वीनची नाही संपली. १९९० च्या दशकात रेल्वेने तिला पुन्हा चालतं करायचं ठरवलं. १८ जुलै १९९७ ला, निवृत्तीनंतर ८८ वर्षांनी, ती स्वतःच्या वाफेवर धावली. मग दिल्ली कँटोन्मेंट ते अलवर अशी पर्यटकांची गाडी सुरू झाली. एक वातानुकूलित डबा आणि जेमतेम ६० प्रवासी, एवढाच संसार. १९९८ मध्ये गिनीज बुकने जगातलं सर्वांत जुनं नियमित चालणारं वाफेचं इंजिन म्हणून तिची नोंद केली.

हे सगळं वाचायला छान वाटतं. पण २०११ मध्ये उभ्या असलेल्या या इंजिनाचे भाग चोरीला गेले. १८५५ च्या इंजिनाचे सुटे भाग कुठल्या दुकानात मिळणार? चेन्नईतल्या पेरांबूर कार्यशाळेत तिला नेऊन तिथल्या कारागिरांनी हवे ते भाग नव्याने घडवले. दिल्ली-रेवाडी मार्गावर ती पर्यटकांना घेऊन पुन्हा धावली तेव्हा २०१७ साल उजाडलं होतं. तिचं वय तेव्हा १६२ होतं.

याच पेरांबूरने तिची जुळी बहीण म्हणावी अशा 'एक्स्प्रेस', म्हणजे ईस्ट इंडियन रेल्वेच्या २१ नंबरच्या इंजिनालाही जिवंत केलं. तेही १८५५ चं, लीड्सचंच. २०१० च्या स्वातंत्र्यदिनी ते चेन्नईत धावलं.

चावी फिरवली आणि निघालं, असं होत नाही

जुनी मोटार असते. गॅरेजमधून काढली, बॅटरी बदलली, पेट्रोल टाकलं की चालते. मग वाफेच्या इंजिनाचं एवढं काय कौतुक? हे कळायला आत काय चालतं ते बघावं लागेल.

इंजिनाच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पायाशी, भट्टी असते. त्यात कोळसा जळतो. भट्टीतला गरम धूर बॉयलरमधून जाणाऱ्या कित्येक नळ्यांतून पुढे धुरांड्याकडे जातो. या नळ्यांच्या भोवती पाणी असतं. ते उकळतं, वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सोळाशे-सतराशे पट जागा लागते आणि बॉयलर तिला ती जागा देत नाही. म्हणून दाब तयार होतो. हा दाब सिलिंडरमध्ये सोडला की दट्ट्या मागे-पुढे होतो, त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो.

काम झालेली वाफ धुरांड्यातून जोराने वर सोडली जाते. जाताना ती भट्टीतला धूर ओढून नेते आणि त्यामुळे भट्टीत नवी हवा येते. म्हणजे इंजिन जितकं जास्त राबेल तितकी आग आपोआप जास्त भडकते. पंखा नाही, वीज नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांची ही युक्ती आजही थक्क करते.

ती वर फेकली जाणारी वाफ म्हणजेच 'झुक्' हा आवाज. फेअरी क्वीनसारख्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार वेळा वाफ बाहेर पडते, म्हणून एका फेऱ्याला चार 'झुक्'. तिचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला आणि सहा फुटी चाकाचा हिशेब केला, तर सेकंदाला जवळपास आठ होतात. लहान मुलं 'झुकझुक' जितक्या घाईने म्हणतात, जवळजवळ तितक्याच.

आता अडचणी. थंड पडलेलं इंजिन पेटवून त्यात दाब तयार करायला तासन् तास लागतात. घाई केली तर लोखंड एकसारखं तापत नाही, सांधे सैल होतात. म्हणून सकाळी गाडी असेल तर आदल्या दिवसापासून माणसं कामाला लागतात. गाडी परत आल्यावर राख काढायची, नळ्या साफ करायच्या, वंगण घालायचं. ठरावीक दिवसांनी बॉयलर पूर्ण रिकामा करून आतून धुवायचा, कारण पाण्यातले क्षार आत थर धरतात. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जमतो तसाच पांढरा थर. फरक इतकाच की गीझर बिघडला तर अंघोळ चुकते, आणि इथे थर जमला की धातू नको तितका तापून कमकुवत होतो.

सगळ्यांत मोठी भीती पाणी कमी होण्याची. भट्टीच्या वरच्या पत्र्यावर कायम पाणी असावं लागतं. ते खाली गेलं तर आग थेट कोरड्या पत्र्याला लागते, पत्रा मऊ पडतो आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून त्या पत्र्यात मऊ धातूचं एक बूच बसवलेलं असतं. पाणी कमी झालं की ते वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून इशारा देते. पण बुचापर्यंत वेळ येणं हीच फायरमनसाठी लाजेची गोष्ट. पाण्याची काच, दाबाचा काटा, आगीचा रंग आणि पुढचा चढ या चार गोष्टींवर त्याची नजर सतत फिरत असते. चढ लागायच्या आधी आग वाढवायची, उतारावर कमी करायची. मार्ग पाठ नसेल तर हे जमत नाही.

एवढं करून हाती काय लागतं? कोळशातल्या उष्णतेपैकी शंभरातले सहा-आठ वाटे कामाला येतात. बाकी धुरांड्यातून आकाशात. डिझेल इंजिन साधारण तीस-पस्तीस वाटे वापरतं. रेल्वेने वाफ सोडली ती उगाच नाही.

कल्याणहून वाफ कशी गेली

मध्य रेल्वेच्या पट्ट्यात हा बदल देशात सर्वांत आधी झाला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला, हार्बर मार्गाने, भारतातली पहिली विजेची गाडी धावली. १९३० पर्यंत विजेच्या तारा कल्याण ओलांडून एका बाजूला इगतपुरी, दुसऱ्या बाजूला पुण्यापर्यंत गेल्या. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन पहिल्या दिवसापासून विजेच्या इंजिनावर होती. घाटात मालगाड्या ओढायला आलेल्या लांबोडक्या विजेच्या इंजिनांना रेल्वेच्या माणसांनी नाव ठेवलं 'खेकडा'. गंमत म्हणजे त्यातली बहुतेक इंजिनं बनवली होती व्हल्कन फाउंड्रीने. ठाण्याला वाफ आणली त्याच कारखान्याने कल्याणच्या पुढे वाफेची जागा घेणारं यंत्रही पाठवलं.

देशात इतरत्र वाफ अजून बरीच वर्षं राहिली. चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये तयार झालं, नाव 'अंतिम सितारा'. ब्रॉडगेजवरची नेहमीची शेवटची वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर ते फिरोजपूर धावली. त्या दिवशी पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. बॉयलरचे रिव्हेट ठोकणारे, नळ्या बदलणारे, आवाजावरून व्हॉल्व्ह बिघडलाय हे ओळखणारे फिटर त्याच्याही आधीच्या पिढीतले. इंजिनाचा भाग नव्याने घडवता येतो. हा अंदाज मात्र एका माणसाकडून दुसऱ्याला शेजारी उभं राहूनच मिळतो.

त्यासाठी देशात एक जागा राखलेली आहे. हरियाणातल्या रेवाडीचं जुनं वाफेचं शेड १८९३ चं. तिथे चालू स्थितीतली ब्रॉडगेज आणि मीटरगेज इंजिनं ठेवली जातात. 'गदर' किंवा 'भाग मिल्खा भाग'मध्ये काळं धिप्पाड इंजिन पाहिलं असेल तर ते रेवाडीचं 'अकबर', १९६५ चं.

आजच्या सिग्नलवर कालचं इंजिन

आता खरा पेच. बॉयलर ठीक आहे, माणसं आहेत, कोळसा आहे. पण आजचा लोहमार्ग १८५५ चा नाही. वर २५ हजार व्होल्टची तार आहे. मागून ताशी १०० ने एक्स्प्रेस येते आहे. सिग्नल संगणकावर चालतात. अशा मार्गावर इतिहासातलं इंजिन कसं सोडायचं?

जगात याची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेचं ८४४ नंबरचं इंजिन १९४४ मध्ये बनलं आणि ते कधी निवृत्तच झालं नाही. त्याच कंपनीचं 'बिग बॉय' ४०१४ हे अवाढव्य इंजिन १९४१ चं. १९६१ मध्ये निवृत्त होऊन म्युझियमच्या आवारात पडलेलं. कंपनीने ते परत मिळवलं, कोळशाऐवजी तेलावर चालेल असं केलं आणि २०१९ मध्ये मुख्य मार्गावर उतरवलं. अमेरिकेत ड्रायव्हर चुकला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा मुख्य मार्गांवर सक्तीची झाली, तेव्हा ती या इंजिनांवरही बसवावी लागली. तिथल्या नियमानुसार वाफेच्या इंजिनाने भट्टी पेटवून १,४७२ दिवस काम केलं, किंवा १५ वर्षं झाली, की बॉयलर उघडून मुळापासून तपासावा लागतो. तोपर्यंत तो कितीही चांगला वाटो.

ब्रिटनचं 'फ्लाइंग स्कॉट्समन' १९२३ चं. १९३४ मध्ये ताशी १०० मैलांचा वेग अधिकृतपणे नोंदवणारं पहिलं वाफेचं इंजिन ते हेच. ते आजही मुख्य मार्गांवर विशेष गाड्या ओढतं. त्याच्या केबिनमध्ये पितळी काट्यांच्या शेजारी लाल सिग्नल ओलांडल्यास ब्रेक लावणारं उपकरण आहे. अशा गाड्यांच्या मागे बरेचदा एक डिझेल इंजिनही जोडलेलं असतं. म्हातारं वाटेत थकलं तर मागच्या लोकांचा खोळंबा नको म्हणून.

इथे एक वाद कायम असतो. 'स्कॉट्समन'चा बॉयलर त्याच्या आयुष्यात अनेकदा बदलला गेला. मग ते १९२३ चंच इंजिन म्हणायचं का? रेल्वेच्या लोकांना हा प्रश्न तितका छळत नाही. बॉयलर हा इंजिनाचा झिजणारा भागच होता. इंजिनं नेहमीच्या सेवेत असतानासुद्धा वर्कशॉपमध्ये बॉयलर अदलाबदल होत असत. ज्याला एकही नवा भाग नको असेल त्याने इंजिन उभं ठेवावं. चालवायचं असेल तर झीज होणारच आणि झिजलेलं बदलावं लागणारच.

रीलमधलं इंजिन खरं की सोंग?

सोशल मीडियावर आता वाफेच्या इंजिनाचे बरेच व्हिडिओ दिसतात आणि त्यातले सगळे वाफेचे नसतात. गुजरातमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली अहमदाबाद-एकता नगर हेरिटेज गाडी बघा. पुढे काळं, गोल तोंडाचं इंजिन, वर धुरांडं. पण आत विजेचं इंजिन आहे.

कल्याण-डोंबिवलीकरांना सगळ्यांत जवळची गोष्ट नेरळ-माथेरानची. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये घालून १९०७ मध्ये ही दोन फुटी गेजची गाडी सुरू केली. तिला जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीची चार खास इंजिनं होती. वळणं इतकी तीव्र की साधी ताठ चाकं रुळावरून उतरतील. म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांवर पोकळ नळीसारखा दुसरा आस होता, जो वळणावर थोडा फिरू शके. १९५० च्या दशकात डिझेल इंजिनं आली आणि १९८० च्या दशकात वाफ थांबली. त्या चारपैकी एक आज दिल्लीच्या संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेलं. माथेरानला नेहमीची गाडी ओढतं ते डिझेल. अलीकडे तिथेही डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा साज चढवण्यात आला आहे. मुलांना मजा येते, तक्रार करण्यासारखं काही नाही. फक्त 'माथेरानला वाफेचं इंजिन परत आलं' असा मेसेज पुढे ढकलण्याआधी थांबावं.

ओळखायचं कसं? धुरावर जाऊ नका, धूर यंत्राने सोडता येतो. चाकांकडे बघा. खऱ्या इंजिनात सिलिंडरमधून निघालेला दांडा मागे-पुढे होत चाक फिरवत असतो, आणि 'झुक्'चा आवाज त्या चाकाशी ताल धरतो, फेऱ्याला चार. गाडीचा वेग वाढला की आवाज घाईने येतो. सोंगात आवाज स्पीकरचा असतो आणि त्याचा चाकाशी काही संबंध नसतो. आणि शेवटची खूण सायनचीच : खरं इंजिन वाटेत पाणी पितं.

खरी वाफ बघायची असेल तर दार्जिलिंगला जावं. तिथली 'बी' वर्गातली निळी इंजिनं माथेरानसारख्याच दोन फुटी रुळांवर घूमपर्यंत पर्यटकांना नेतात. या वर्गातली पहिली इंजिनं १८८९ ची. किंवा निलगिरीला, जिथे मेट्टुपालयम ते कुन्नूर दातेरी रुळावरून वाफेची इंजिनं चढतात. तिथली जुनी इंजिनं स्वित्झर्लंडची. ती थकत चालली तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने नवी कोरी वाफेची इंजिनं बांधली. एकविसाव्या शतकात, भारतात.

मग ठाण्याला का नाही?

रुळांच्या मापाची अडचण नाही. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत घातलेले रूळ साडेपाच फुटी होते, फेअरी क्वीन साडेपाच फुटीच आहे आणि आजची लोकलही. अडचण वेळापत्रकाची आहे. सकाळच्या गर्दीत ठाणे-कल्याण पट्ट्यात काही मिनिटांच्या अंतराने गाडी असते. ताशी ४० ने जाणारं, ३,००० लिटर पाण्याची टाकी घेऊन निघालेलं इंजिन मध्ये घातलं, तर मुंब्र्यापर्यंत पोचायच्या आत मागे कसारा, कर्जत, टिटवाळा, अंबरनाथ अशा लोकलची रांग लागेल. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर ८.१५ ची वाट बघणारी माणसं त्याचं स्वागत तोफांनी करतील असं वाटत नाही. रविवारी पहाटे, मेगाब्लॉकच्या आधीच्या एखाद्या मोकळ्या तासात, कदाचित.